तारखेखालचा आकडा

पीएच.डी. म्हणजे नेमकं काय करतात हो, असं चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या क्वार्टर्समधल्या शेजारणी विचारायच्या तेव्हा मी सांगायची, सह्या गोळा करतात. त्यांना वाटायचं, ही थट्टा करतेय. पण खोटं काय होतं त्यात? नोंदणीच्या अर्जावर मार्गदर्शकांची सही, विभागप्रमुखांची सही, नवऱ्याची बदली झाली तरी काम पुरं करीन अशा हमीपत्रावर माझी सही. मग पहिल्या दोन वर्षांत लेखी परीक्षा. मग दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल. प्रगती झालेली असो वा नसो, अहवाल द्यायचाच. माझ्या पहिल्या चार अहवालांत वाक्यांची उलथापालथ तेवढी आहे, मजकूर एकच. वर्षातून एकदा समितीपुढे उभं राहायचं. तीन प्राध्यापक, तीन कॉफ्या, आणि शेवटी 'काम चालू ठेवावे' एवढा शेरा. तो घेऊन मी घरी यायची आणि कुकर लावायची.

माझ्यासारख्या अर्धवेळ विद्यार्थ्याला मुदत सहा वर्षांची होती. मी नाव घातलं तेव्हा मुलगी दुसरीत होती. सहा वर्षं म्हणजे डोंगरभर वेळ, असं वाटलं होतं. वेळ कसा जातो हे इतिहास शिकणाऱ्या बाईला तरी कळायला हवं होतं, पण नाही कळलं. मुलगी आठवीत गेली, घरात माझ्यापेक्षा चांगलं तमिळ बोलायला लागली, आणि माझा प्रबंध अजून सुटा सुटा, चपलांच्या खोक्यांत.

नवरा आवडीच्या कारखान्यात. दोन हजार सालच्या सुमारास त्याची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून चेन्नईला आलो. येताना मी संसाराबरोबर एक विद्या आणली होती, ती म्हणजे मोडी. पुण्यात दोन वर्षं घोटून शिकले होते. तंजावरच्या मराठी राजांचे ढीगभर मोडी कागद एग्मोरच्या सरकारी दफ्तरात पडून आहेत आणि वाचणारं माणूस मिळत नाही, असं कळल्यावर मला कोण आनंद झाला. विषय ठरवला, राजवाड्यातली नोकरमाणसं. राजे आणि त्यांच्या लढाया सगळेच करतात. मला पाणक्ये, स्वयंपाकिणी, दिवे लावणारे हवे होते. आमचे सर तमिळ, फार विद्वान, पण मोडीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. कागद काय म्हणतो ते मी सांगायचं आणि त्याचा अर्थ काय ते त्यांनी सांगायचं, अशी वाटणी होती. माझं वाचन तपासणारं कुणी नाही, ही मला तेव्हा सोय वाटायची. नंतर तीच नडली.

रोज सकाळी डबे भरून आवडीहून गाडी, सेंट्रलला उतरून समोरच्या पार्क स्टेशनवरून दुसरी गाडी, एग्मोर. अकराच्या आत चिठ्ठी द्यायची, बाराला रुमाल यायचा. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. तो सोडला की शंभर वर्षांची धूळ नाकात जायची. पंखा लावला तर कागद उडतात म्हणून पंखा बंद. चेन्नईच्या मे महिन्यात बंद पंख्याखाली बसून स्वयंपाकिणीला किती तूप मिळायचं ते वाचत बसायचं. पाचला परत तोच प्रवास. मी थकत होते, हे कबूल करायला मला चार वर्षं लागली.

दफ्तरातल्याच एका कारकुनानं मला मामांचा पत्ता दिला. वेस्ट मांबलमला एक म्हातारे गृहस्थ राहतात, त्यांच्या घरी असाच एक गठ्ठा आहे, म्हणाला. मी गेले. दोन खोल्यांचा फ्लॅट, दारात कोलमची रांगोळी, आणि आत पंचाहत्तरीचे ताठ मामा. मामा म्हणजे नात्यानं कुणी नव्हेत, तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मामा म्हणतात. मूळ तंजावरचं मराठी घराणं, सात-आठ पिढ्या तिकडेच. बोलायचे मराठीच, पण ऐकताना वाटावं की कुणी जुनी पोथी तमिळ चालीत वाचतंय. मला ते 'अम्मा' म्हणत आणि लगेच 'तूं' म्हणत. नोकरी महसूल खात्यात झालेली, तालुका कचेरीत. मोडी त्यांना येत नव्हती. पण गठ्ठा त्यांनी स्टीलच्या कपाटात, देवाच्या चांदीच्या भांड्यांशेजारी जपून ठेवला होता.

कागद बघायला परवानगी हवी म्हटल्यावर त्यांनी स्वतः इंग्रजीत पत्र लिहून दिलं. सुरेख, सरळ ओळी. खाली सही, सहीखाली तारीख आणि तारखेखाली आणखी एक चार आकडी संख्या. मला वाटलं, हा त्यांचा जावक क्रमांक. कचेरीतून माणूस निवृत्त होतो, माणसातून कचेरी नाही. मी मनातल्या मनात हसले आणि पत्र फाइलला लावलं. तीन वर्षांत त्यांची अशी चार पत्रं आली. प्रत्येकावर तो आकडा होता, आणि मी एकदाही विचारलं नाही.

त्या गठ्ठ्यात मला एक बाई सापडली. मामांच्या घरात तिला 'राजवाड्यातली आजी' म्हणत. तिचा नवरा राजवाड्याच्या कोठीवर कारकून होता. तो वारल्यावर तिला राजाच्या मुदपाकखान्यात कामाला ठेवलं आणि तिनं एकटीनं मुलगा वाढवला. त्या मुलापासून पुढचा सगळा वंश, अगदी मामांपर्यंत. श्राद्धाच्या दिवशी आजही तिच्या नावानं वेगळं पान मांडत. मी तिचं नाव कागदावर मोडीतून मोठ्यानं वाचलं तेव्हा मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि उभ्याच राहिल्या. दोनशे वर्षांत ते नाव कुणी कागदावरून वाचलं नव्हतं.

आता कागद दोन होते, ते नीट सांगते, कारण सगळं त्यातच आहे. एक, नवरा वारल्याचा आणि तिला कामावर ठेवल्याचा. त्यावर शकाचं वर्ष स्वच्छ होतं. दुसरा, तिच्या मुलाच्या बारशाला राजवाड्यातून लुगडं आणि गूळ दिल्याचा. त्यावर वर्षाचा नुसता आकडा, कुठल्या गणनेचा ते लिहिलेलं नाही. पुण्यात आमचा हात पेशवाईच्या कागदांवर बसलेला. तिथे असा आकडा दिसला की सुहूर सन धरायचा आणि इंग्रजी वर्षासाठी पाचशे नव्व्याण्णव मिळवायचे, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ. मी मिळवले. उत्तर आलं ते असं, की बारसं झालं ते नवरा वारल्यानंतर सात वर्षांनी.

माझ्या अंगावर काटा आला. विधवेला मूल होतं, आणि राजवाडा तिला हाकलून देत नाही, उलट बारशाला लुगडं पाठवतो! सर तर खुर्चीतून उठलेच. सहा वर्षांत ते पहिल्यांदा मला 'गुड' म्हणाले. त्या एका बाईवर मी चाळीस पानांचं प्रकरण उभं केलं: राजवाड्यातल्या विधवा आणि मातृत्व. मामांना एका शब्दानं विचारलं नाही. कसं विचारणार, तुमची पूर्वज अशी होती का? लाज वाटली. 'तुमच्या आजीवर पूर्ण प्रकरण आहे' एवढंच सांगितलं. त्यांनी ते त्यांच्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं.

शेवटच्या वर्षी प्रबंधाचा सारांश समितीनं मंजूर केला. तो मंजूर झाला की शीर्षक आणि प्रकरणं बदलता येत नाहीत, असा नियम. प्रबंध दाखल करायला तीन आठवडे राहिले होते. सर त्याच महिन्याअखेर निवृत्त होणार होते, माझी मुदतही तेव्हाच संपत होती. शेवटची एक सही राहिली होती. खासगी कागद वापरले असतील तर मालकाची लेखी संमती परिशिष्टात लावावी लागते. मी टाइप केलेलं संमतिपत्र आणि ते प्रकरण घेऊन वेस्ट मांबलमला गेले.

मामांनी प्रकरण बाजूला ठेवून आधी सही केली. खाली तारीख आणि त्याखाली तो आकडा, १४१६. मी आपली सहज, कॉफी पिता पिता म्हटलं, मामा, हा तुमचा जावक क्रमांक संपतच नाही का हो. ते हसले. जावक कसला, ही पसली, म्हणाले. म्हणजे फसली वर्ष. आमच्याकडे शेतसाऱ्याचे सगळे कागद अजून त्याच वर्षानं चालतात, गावच्या प्रत्येक कारकुनाला ते माहीत असतं, चाळीस वर्षांची सवय, हात राहत नाही. आणि मग त्यांनी, मी लहान मूल असल्यासारखं, समजावून सांगितलं: त्यात पाचशे नव्वद मिळव, की तुझं इंग्रजी वर्ष येतं.

पाचशे नव्वद. पाचशे नव्व्याण्णव नाही. मी कप खाली ठेवला आणि मनात बारशाच्या कागदावरच्या आकड्यात पाचशे नव्वद मिळवले. बारसं नऊ वर्षं मागं गेलं. नवरा वारायच्या दोन वर्षं आधी. म्हणजे घरात बाप होता, आई होती, पोर झालं, राजवाड्यातून लुगडं आलं. कुठल्याही घरात होतं तेवढंच झालं होतं. तंजावरच्या त्या कारकुनानं आपल्या रोजच्या सवयीचं वर्ष लिहिलं होतं, आणि मी पुण्याहून शहाणपण घेऊन आले होते.

तोवर मामांनी प्रकरण उघडलं होतं. इंग्रजी त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं. ते वाचत राहिले, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पंधराव्या पानावर त्यांनी चष्मा काढला. मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं, आकडा, नऊ वर्षं, माझी चूक. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मामीला हें सांगूं नको." मग म्हणाले, दुरुस्त होईल ना. मी म्हटलं, "करते मामा, नक्की करते." सही केलेलं संमतिपत्र त्यांच्या हातात होतं. ते परत घेऊ शकले असते. त्यांनी ते घडी घालून माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. त्यांच्या खोलीतली पुस्तकं खोक्यांत भरणं चाललं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि बोटांवर हिशेब सांगितला. प्रकरण काढलं तर सारांश रद्द. सारांश रद्द म्हणजे पुन्हा समिती. समिती बसेपर्यंत मुदत संपलेली, ते निवृत्त झालेले. म्हणजे नवीन मार्गदर्शक, नवीन नोंदणी, पुन्हा सहा वर्षं. आणि मोडी वाचणारा मार्गदर्शक चेन्नईत शोधून दाखव. पुढे पुस्तक काढशील तेव्हा दुरुस्त कर, म्हणाले, दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईला काय फरक पडतो. त्यांना वाईट म्हणवत नाही मला. तेही थकले होते.

घरी आले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तू म्हणशील तसं. हे वाक्य ऐकलं की मला संताप येतो, कारण त्यात मदत काहीच नसते. मी गॅसजवळ उभी राहून रडले. त्या बाईसाठी नव्हे. सहा वर्षांच्या गाड्या, धूळ, डबे, मुलीच्या बुडालेल्या शाळेच्या सभा, त्यासाठी रडले. मग डोळे पुसले आणि प्रबंध होता तसा बांधायला टाकला. दाखल केला, शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी. मामांना फोन केला नाही.

त्यानंतर दीड वर्ष काहीच झालं नाही. प्रबंध परीक्षकांकडे जातो आणि विहिरीत टाकल्यासारखा जातो. मुलगी दहावीला आली. शेवटी अहवाल आले. महाराष्ट्रातल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण डोक्यावर घेतलं होतं. त्यांनीही नुसता आकडा बघितला असेल आणि आपल्या सवयीनं पाचशे नव्व्याण्णव मिळवले असतील. मला हसू येईना.

आमच्याकडे शेवटची तोंडी परीक्षा उघडी असते. सूचनाफलकावर दिवस-वेळ लागते, कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा. त्याआधी पंधरा दिवस प्रबंधाची एक प्रत विभागात लोकांना बघायला ठेवतात. सहसा कुणी बघत नाही. परीक्षेच्या चार दिवस आधी मी कॉफी-फराळाची व्यवस्था बघायला गेले तर विभागातला कारकून म्हणाला, तुमचा प्रबंध वाचायला एक म्हातारे आले होते. दोन तास बसले. काही लिहून घेतलं नाही, नुसते वाचत होते. मी विचारलं, धोतर नेसलेले? तो म्हणाला, हो, हातात छत्री.

ते चार दिवस कसे काढले ते मला विचारू नका.

परीक्षेला तीसएक माणसं होती. निम्मे विद्यार्थी केसरी, म्हणजे तिकडचा गोड शिरा, आणि वड्यासाठी आलेले, ते मला चालतं, मीही अशी पुष्कळ केसरी खाल्लेली आहे. समोर सर, निवृत्त होऊनही मार्गदर्शक म्हणून बोलावलेले, आणि केरळातून आलेले परीक्षक. मामा शेवटच्या रांगेत, छत्री गुडघ्यांत धरून. मी पाऊण तास बोलले. परीक्षकांनी पाच प्रश्न विचारले, पाचांची उत्तरं दिली. मग त्यांनी रीतीप्रमाणे सभेकडे बघून विचारलं, आणखी कुणाला काही विचारायचं आहे का. या वेळी सगळे खाली बघतात आणि दोन सेकंदांनी टाळ्या वाजतात.

मामा उभे राहिले. त्यांना इंग्रजी येत होतं, तमिळ येत होतं. त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळेल अशा दोन भाषा त्यांच्याकडे होत्या. पण ते मराठीत बोलले, तिथे आम्ही मायलेकी सोडून जिचं एक अक्षर कुणाला येत नव्हतं त्या भाषेत.

"अम्मा, आकडा फसलीचा म्हणून तूंच सांगिटलीस नव्हे? मग आमच्या आजीचें तसेंच कां ठेवलीस?"

परीक्षक माझ्याकडे वळून हसत म्हणाले, काय विचारतायत ते, जरा इंग्रजीत सांगाल का.

त्यांनी मराठीत विचारलं ते मला वाचवायलाच, हे मला त्या क्षणी कळलं होतं. नंतर कळलं असं मी सांगणार नाही. मला दाराची कडी दिली होती त्यांनी, उघडायची का ठेवायची ते माझ्यावर सोडून. मी सरांकडे बघितलं, ते टेबलाकडे बघत होते. पहिल्या रांगेत माझी मुलगी शाळा बुडवून, नवा ड्रेस घालून बसली होती. मी तोंड उघडलं आणि इंग्रजीत म्हणाले, ज्या घराण्याचे कागद मी वापरले त्या घराण्यातले हे आहेत, आणि ते मला आशीर्वाद देतायत.

टाळ्या झाल्या. परीक्षकांनी उठून मामांना नमस्कार केला. मामांनी परीक्षकांना हात जोडले आणि ते खाली बसले. परीक्षकांनी माझं नाव घेऊन, आधी 'डॉक्टर' लावून, पदवीची शिफारस वाचून दाखवली. सहा वर्षं आणि वर दीड वर्ष मी त्या शब्दाची वाट बघत होते. मला तो ऐकूही नीट आला नाही.

नियमाप्रमाणे सभेतून कुणी प्रश्न विचारला असेल तर त्याची नोंद लागते. कारकुनानं छापील कागद मामांकडे नेला: नाव, पत्ता, विचारलेला प्रश्न, सही. त्याच्याकडे पेन नव्हतं म्हणून मी माझं द्यायला गेले, दुसऱ्या हातात त्यांच्यासाठी केसरीची बशी होती. मामांनी मांडीवर कागद ठेवला आणि त्यांच्या त्या सरळ अक्षरात, इंग्रजीत, नाव लिहिलं, पत्ता लिहिला. प्रश्नाच्या रकान्यात लिहिलं, 'आशीर्वाद'. सही केली. तारीख घातली. तारखेखाली नेहमीसारखा आकडा आला, १४१८.

मग ते थांबले. इतक्या वर्षांत, इतक्या पत्रांवर त्यांनी कधी लिहिलं नव्हतं ते त्यांनी त्या आकड्याच्या अलीकडे, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून लिहिलं: फसली. पेनला टोपण लावलं आणि मला परत दिलं.